करनोटीस खरी की खोटी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आंब्याचा हंगाम आटोपून पाऊस लागला की रिटर्न भरायची घाई सुरू होते आणि त्याच दिवसांत खऱ्या नोटिसांच्या गर्दीत खोट्याही घुसतात. या अंकासाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा मुंबईत खासगी नोकरी करतो. त्याच्या पॅनवर दिल्लीत कुठल्याशा फर्मची जीएसटी नोंदणी झाली असून तिच्या थकबाकीचं पत्र गावच्या पत्त्यावर आलं आहे. आमचा धंदाच नाही, मग उत्तर कशाला द्यायचं? (लांजा)

उत्तर द्यायलाच हवं, आणि पत्रातल्या मुदतीत. गप्प बसलात तर अधिकारी एकतर्फी आदेश काढू शकतो. एकदा आदेश निघाला की वसुली त्या पॅनला जोडलेल्या बँक खात्यापर्यंत पोचते. नंतर ते निस्तरायला अपील करावं लागतं.

पहिलं काम म्हणजे जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये जाऊन पॅन टाकून शोधा. लॉगिन लागत नाही. त्या पॅनवर देशभरात जितके जीएसटी क्रमांक असतील तेवढे समोर येतात. क्रमांकात अंक आणि अक्षरं मिळून पंधरा चिन्हं असतात. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०, दिल्ली ०७), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. दिल्लीचा एक क्रमांक कळला म्हणजे तेवढाच असेल असं धरू नका, पूर्ण यादी बघा. प्रत्येक क्रमांकावर क्लिक केलं की नोंदणीची तारीख, सध्याची स्थिती आणि ‘ज्युरिस्डिक्शन’ दिसतं. ही शेवटची ओळ महत्त्वाची, कारण अर्ज नेमका कोणत्या कार्यालयाकडे करायचा ते तिच्यावरून ठरतं. त्या पानाची प्रिंट काढून ठेवा.

दुसरं, सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोलीस ठाण्यातही लेखी द्या. बहुतेक जण इथेच थांबतात आणि अडकतात. पोलीस तक्रारीने नोंदणी रद्द होत नाही. ती रद्द करण्याचा अधिकार जीएसटी अधिकाऱ्याचा. म्हणून तक्रारीची पोच, मुलाचं नोकरीचं पत्र, त्या काळातल्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून त्या ज्युरिस्डिक्शनच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करा. अर्जात तीन गोष्टी मागा : नोंदणी रद्द करणे, नोंदणीच्या वेळी दिलेल्या कागदांच्या प्रती, आणि तेव्हा वापरलेला मोबाइल व ईमेल. पोर्टलवरून उत्तर देता येणार नाही, कारण लॉगिन भामट्याच्या हातात आहे. त्यामुळे ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपा. जीएसटी पोर्टलच्या तक्रार विभागातही नोंद करून तिकीट क्रमांक घ्या.

तिसरं काम आयकराचं. ई-फायलिंग पोर्टलवर मुलाचं वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, उघडा. जीएसटीची उलाढाल तिथे उतरते. ती दिसली तर त्या ओळीवर ‘माहिती नाकारली’ असा अभिप्राय नोंदवा. नाहीतर उद्या आयकर खातं विचारेल की एवढी विक्री दाखवली का नाही.

हे होतं कसं? नोकरी लावतो, कर्ज काढून देतो असं सांगून आधार, पॅन, फोटो आणि ओटीपी घेतले जातात. सरसकट कुणालाही आधारची पूर्ण झेरॉक्स देऊ नका. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार मिळतं, त्यात शेवटचे चार अंकच दिसतात. प्रत द्यावीच लागली तर अक्षरांवरूनच आडवं लिहा : कशासाठी, कुणाला, तारीख. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करा. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर मुलाच्या नावावर किती सिम आहेत ते तपासा. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तोही मागवा. ज्यांनी फर्म काढली त्यांनी कर्जही काढलं असू शकतं.

प्रश्न : आयकर खात्याच्या नावाने एसएमएस आला की बचत खात्यात मोठी रोकड भरली आहे, खुलासा करा. पैसे आंब्याचे आहेत, शेतीच्या उत्पन्नाला कर नाही. संदेश खोटा समजायचा का? (देवगड)

खरा असू शकतो. आर्थिक वर्षात बचत खात्यांत मिळून १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. त्या रकमेमागे हापूस आहे की आणखी काही, हे बँक सांगत नाही.

एसएमएसमधली लिंक उघडू नका, त्यातल्या नंबरवर फोनही लावू नका. आयकराच्या पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा. सरकारी पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. एआयएस आणि ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’ बघा. नोटीस हातात असेल तर पहिल्या पानावरच लॉगिनशिवाय नोटीस पडताळायची सोय आहे. १ ऑक्टोबर २०१९पासून आयकराच्या नोटिशीवर ‘डिन’ हा दस्तऐवज क्रमांक असतो. तो आणि मोबाइल नंबर टाकला की नोटीस खात्याने काढली आहे की नाही ते कळतं.

माहिती खरी निघाली तर एआयएसमध्ये ‘उत्पन्न करपात्र नाही’ हा पर्याय आहे. त्यामागे कागद मात्र लागतील : पीकपाहणीसह सातबारा, वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या), फवारणीच्या औषधांची बिलं, टेम्पोच्या पावत्या. आपल्याकडे घोटाळा होतो तो सामायिक सातबाऱ्याने. जमीन आजोबांच्या नावावर, पट्टी काकांच्या नावाने, आणि रोकड तुमच्या खात्यात! असं असेल तर वाटणीचा कागद किंवा सहहिस्सेदारांची लेखी संमती आत्ताच करून घ्या. नोटीस आल्यावर केलेल्या कागदाला वजन राहत नाही.

शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ हा रिटर्नचा सोपा फॉर्म चालत नाही. ५ लाखांच्या वर असेल तर रिटर्नमध्ये जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, मालकीची की भाड्याची हा तपशीलही द्यावा लागतो. आणि दुसऱ्याच्या झाडांवरचा तयार माल विकत घेऊन पुढे विकलात, तर तो नफा शेतीचा नाही, व्यापाराचा. बाग कराराने घेऊन मशागत, फवारणी स्वतः करत असाल तर करारनामा घेऊन सीएला भेटा. तिथे एकेका कलमावर फरक पडतो.

प्रश्न : तारकर्लीत आमचं होमस्टे आहे. सैन्यातला अधिकारी म्हणून फोन आला, चार खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो, पण आधी क्यूआर स्कॅन करा म्हणाला. केलं नाही. बरोबर केलं ना?

अगदी बरोबर. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही; पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. ‘पैसे पाठवले’ असा स्क्रीनशॉट आला तरी खोली पक्की करू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसल्यावरच करा. कुणाचे पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता येते, म्हणून इथे प्रत्येक मिनिट मोलाचं.

प्रश्न : दुकानात दोघं आले, जीएसटीचे अधिकारी आहोत म्हणाले. बिलांत चुका आहेत, २५ हजारांत मिटवू, असं बोलले. काय करावं? शिवाय २०२१च्या पुरात जुन्या फाइली गेल्या, ऑडिट लागलं तर? (चिपळूण)

कुणी अधिकारी न सांगता येऊ शकतो, म्हणून नुसतं अचानक आले एवढ्यावरून हाकलू नका, अडथळाही आणू नका. ओळखपत्र मागा, नाव आणि हुद्दा लिहून घ्या. तपासणीसाठी आयएनएस-०१ या नमुन्यातलं अधिकारपत्र लागतं आणि ते सहआयुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने दिलेलं असतं. ते वाचा, तुमच्याच फर्मचं नाव आहे ना ते बघा, मग त्यांच्या कार्यालयात फोन लावून खात्री करा. तो नंबर स्वतः शोधलेला हवा, त्यांनी दिलेला नको. नेलेल्या प्रत्येक कागदाची यादी सहीसह घ्या. कर भरायचाच झाला तर तो पोर्टलवरून डीआरसी-०३ या फॉर्मने भरला जातो. रोख किंवा कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीही नाही. ‘मिटवू’ म्हणणारा माणूस खरा अधिकारी निघाला तरी ती लाच आहे. तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर करा.

ऑडिट वेगळं. त्याची नोटीस एडीटी-०१ नमुन्यात, किमान १५ कामकाजाचे दिवस आधी येते. हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. हरवलेल्या वर्षांची मुदत संपली का, ते आधी मोजा. जी वर्षं अजून मुदतीत आहेत त्यांच्यासाठी पुराचा पंचनामा शोधा आणि पुरवठादारांकडून बिलांच्या दुसऱ्या प्रती घ्या. कोणाकडे मागायच्या ते पोर्टलवरच्या जीएसटीआर-२एमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांच्या यादीत, ओळीओळीने दिसतं. यापुढे बिल आलं की त्याच दिवशी मोबाइलने स्कॅन करून चतुर्थी, दिवाळीपर्यंत न थांबता ड्राइव्हवर टाका.

प्रश्न : आमचं सगळं सल्लागार बघतात. पासवर्डही त्यांच्याकडेच आहे. चालेल का? (मालवण)

काम त्यांनी करावं, पण पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. तो त्यांचा असेल तर नोटीस त्यांच्याकडे जाते, आणि ती तुम्हाला कळते मुदत उलटल्यावर. जीएसटीत हा बदल ‘नॉन-कोअर’ दुरुस्तीतून होतो, आयकरात प्रोफाइलमधून. दोन्हीकडे ओटीपी येतो. आयकरात ‘ई-फायलिंग व्हॉल्ट’ही चालू करा. मग पासवर्ड कुणाला कळला तरी आधार ओटीपी किंवा नेटबँकिंगसारख्या दुसऱ्या पडताळणीशिवाय खातं उघडत नाही.