आधी दिवे, मग सायकल ट्रॅक

ताई, जळगावहून टाकलेली तुमची पोस्ट वाचली. लेक आठवीत, शाळा सातची, घरासमोर नवा काँक्रीट रोड आणि थंडी पडल्यापासून ती सायकलने जायला कां-कू करते. सायकल ट्रॅकसाठी निवेदन द्यावं का, असं विचारलंय. द्या की. पण त्यात पहिली मागणी दिव्यांची लिहा. धुळ्यात देवपूरला आम्ही हेच भोगलंय.

आपल्याकडे जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. 2024च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतच्या पोरांना नऊची शाळा मिळाली, पाचवीपासूनची अजून अंधारातच निघतात. आणि आमच्या रस्त्यावरचे दिवे बरोब्बर सहाला बंद! टायमर उन्हाळ्याचा, तो कोणी हलवलेलाच नाही.

तो तासाभराने पुढे करून घेण्यात आमचा अख्खा हिवाळा गेला. एका कार्यालयात सांगितलं, खांब आमचे, टायमर ठेकेदाराचा. ठेकेदाराचा माणूस म्हणे वरून पत्र आणा. पत्रासाठी गेलो तर खिडकीतल्या बाबाने अर्ज न वाचताच परत सरकवला, ‘हाई आमनं काम नही शे.’ आवक शिक्का मारायलाही तयार नाही. पत्र हातात पडलं तेव्हा होळी झाली होती, सहाला उजाडायला लागलं होतं. तुमच्याकडचं कार्यालय बरं असेलही, पण अर्ज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. खांबांचे नंबर टाका, वेळ दिसेल असे अंधाराचे फोटो जोडा. आणि नुसतं ‘वेळ बदला’ म्हणू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तेच रडगाणं. तारखेप्रमाणे सूर्योदय-सूर्यास्त धरून आपोआप चालणारा अ‍ॅस्ट्रोनॉमिकल टायमर मागा.

मग साइडपट्टी. काँक्रीट वीतभर उंच होतं आणि कडेला मुरूम भरायचा राहून जातो. पाठीमागून कापसाचा टेम्पो येतो, माल दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. पोर कडेला सरकतं, पुढचं चाक खाली उतरतं आणि परत वर घेताना सायकल आडवी. ट्रॅक होईल तेव्हा होईल, ही पट्टी रस्त्याच्या पातळीला आणून घ्या.

फिनलंडच्या औलू शहरात 900 किलोमीटरच्या वर सायकलमार्ग आहेत आणि भर बर्फातही लोक सायकलने कामावर जातात, कारण बर्फ पडला की ते मार्ग लगेच साफ होतात. आपल्याकडे बर्फ नाही, शेकोट्या आहेत. चौकात रात्री जुनं टायर पेटवतात, सकाळी राखेत त्याच्या बारीक तारा उरतात आणि बरोबर सायकलवाल्याच्या कडेला पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, ट्यूबला सापडतात. शेकोटीला माझा विरोध नाही हो, पण लाकूड जाळा ना! टायर बदलताना पंक्चर-रेझिस्टंट घ्या, थोडं जड चालतं.

फुटपाथ मागणार असाल तर इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतला किमान 1.8 मीटर मोकळ्या रुंदीचा आकडा अर्जात घाला. मोकळी म्हणजे विजेच्या डीपी, पाट्या आणि ओटे सोडून. मी इंजिनिअर नाही, त्यामुळे मापं जाणकाराकडून तपासून घ्या.

रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर उत्तरेकडची बाजू धरा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, भरदुपारीही घराच्या उंचीएवढी सावली पडते, म्हणून दक्षिणेकडचा फुटपाथ गारठलेलाच राहतो. झाडं लावायची वेळ आली तर शिरीष सुचवा. हिवाळ्यात पानं गाळून ऊन खाली येऊ देतो, उन्हाळ्यात पुन्हा हिरवा होतो. वाळलेल्या शेंगा खुळखुळतात म्हणून आमच्या गल्लीत काहींची तक्रार असते, तिकडे लक्ष देऊ नका.