मुलांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ निवडताना मी काय बघतो

ताई, तुमचा मुलगा ९ वर्षांचा, पेडण्याच्या मराठी शाळेत चौथीला. मोरजीला रात्री निळी चमकणारी लाट बघितल्यापासून त्याला सगळ्याचं 'का' हवंय. एका व्हिडिओत समुद्रात फॉस्फरस असतो म्हणतात, दुसऱ्यात भलतंच काही. म्हणून तुम्ही चांगल्या चॅनेलांची यादी मागितलीत. नावं देतो, पण थोडीच. चांगल्या चॅनेलवरही फुसके व्हिडिओ असतात, त्यामुळे निवड कशी करायची ते आधी सांगतो. मी डिचोलीत ३१ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, आता संध्याकाळी नातीसोबत बसून व्हिडिओ बघतो.

मी एकच गोष्ट तपासतो. शेवट दिसायच्या आत व्हिडिओ थांबवून 'आता काय होईल, सांग' असं विचारायला जागा आहे का? नसेल, तर तो आमच्याकडे लागत नाही.

१९७१ सालचं अपोलो १५ मोहिमेचं चित्रण घ्या. जेमतेम मिनिटभराचं आहे. चंद्रावर डेव्हिड स्कॉट उभा, एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस. दोन्ही सोडणार तेवढ्यात मी थांबवलं. नात ठामपणे म्हणाली, "हातोडा आधी पडणार, त्यात काय!" पुढे चालू केलं, तर दोन्ही एकदमच खाली. चार वेळा मागे नेऊन तिने ते बघितलं, मग अंगणातलं कोंबडीचं पीस आणि एक दगड घेऊन ओसरीवर चढली. चंद्रावर हवा नाही, पीस अडवायला काही नाही; पण हवेचं नाव मी काढलंच नव्हतं, ते तिनेच काढलं.

यामागे अभ्यासही आहे. व्हेरिटासियम हे चॅनेल चालवणाऱ्या डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पीएचडी केली, ती याच विषयावर. नुसतं सोपं, स्वच्छ स्पष्टीकरण देणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडला, 'कळलं' असंही ते म्हणाले, पण परीक्षेत फारशी सुधारणा नाही. ज्या व्हिडिओत लोकांच्या मनातली चुकीची समजूत आधी मांडून मग ती तपासली होती, तो त्यांना गोंधळाचा वाटला, पण शिकले ते त्यातूनच. त्यामुळे मूल 'समजलं' म्हणालं म्हणून समाधान मानू नका.

आता चुकीच्या व्हिडिओंबद्दल. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढतं. असे व्हिडिओ शेकड्यांनी आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशांत सांगतात की ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. खरं म्हणजे ज्योतीने तापलेली हवा फुगते, थोडी पेल्याच्या कडेखालून निसटते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते म्हणून पाणी आत ढकललं जातं. हे घरी तपासता येतं. एका मेणबत्तीऐवजी तीन लावा, पाणी जास्त चढतं. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच होता! आणि नीट बघितलंत तर बहुतेक पाणी ज्योत विझल्यावरच चढतं. असा चुकीचा व्हिडिओ मुलाला मुद्दाम दाखवा, पण सोबत बसून, आणि मेणबत्ती तुम्ही पेटवा.

लोहचुंबक आणि तांब्याची तार गुंडाळून 'फुकट वीज' देणारे व्हिडिओ मात्र सरळ बाजूला सारा, ते निव्वळ खोटे असतात. घरातल्या प्लगला काही जोडायला सांगणारे तर अजिबात नकोत. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर विचार करायच्या आतच दुसरं काहीतरी सुरू होतं.

भाषेचं म्हणाल, तर मराठी माध्यमातल्या मुलासाठी सुरुवात अरविंद गुप्तांपासून करा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत त्यांनी बरीच वर्षं मुलांच्या विज्ञान केंद्रात काम केलं, टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या त्यांच्या छोट्या फिती मराठीतही आहेत. शीतपेयाच्या नळीची पिपाणी करा, वाजवता वाजवता ती कात्रीने आखूड करत जा, स्वर चढत जातो. इंग्रजीतले व्हिडिओ आवाज बंद करून बघायलाही हरकत नाही. ख्रिस हॅडफिल्डने २०१३ साली अंतराळ स्थानकात ओला रुमाल पिळून दाखवला, त्याला भाषा कशाला हवी? पणजीला जाणं झालं तर मिरामारच्या विज्ञान केंद्रात अर्धा दिवस काढा.

आता त्याच्या लाटेबद्दल. फॉस्फरसचा तिच्याशी संबंध नाही. आपल्या किनाऱ्यावर नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव कधी कधी फार वाढतात. पाणी हललं की त्यांच्या शरीरात रासायनिक क्रिया होते आणि उजेड पडतो. पुन्हा कधी लाट चमकताना दिसली, तर काठावरूनच तुम्ही बादलीभर पाणी घ्या आणि उजेडापासून दूर नेऊन ते स्थिर होऊ द्या. ढवळलं तर काय होईल, हे त्याला आधी विचारा, मग हात घालू द्या. झालं की ते पाणी तिथेच समुद्रात परत ओता.