सोळा तास उपाशी राहणाऱ्या बहिणीची काळजी करावी का?

आपली एकोणीस वर्षांची बहीण काही महिन्यांपासून सोळा तास उपाशी राहून उरलेल्या आठ तासांतच जेवते, वजन उतरल्यामुळे घरचे खूश आहेत, पण अलीकडे ती रात्री चोरून भरमसाट खाते आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून आणखी उपाशी राहते. हा खाण्याचा विकार आहे का, असे आपण विचारले आहे. मी जळगावात आहारतज्ज्ञ आहे. निदान डॉक्टरच करतील, परंतु तशी शंका घ्यायला हे पुरेसे आहे.

2022 साली कॅनडातील किशोर व तरुणांच्या एका पाहणीत, विशेषतः मुलींमध्ये, अशा उपवासाची ताबा सुटून खाणे, उलटी काढणे आणि अतिव्यायाम यांच्याशी सांगड आढळली. आधी काय आणि नंतर काय, हे अशा पाहणीवरून ठरत नाही. वजनाची धास्ती घेतलेल्या मुलीच या पद्धतीकडे वळत असतील, हेही शक्य आहे. मात्र उपासमार मनावर काय करते, हे मिनेसोटा विद्यापीठातील 1944-45च्या प्रयोगात दिसले होते. 36 धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवल्यावर त्यांना अन्नाशिवाय दुसरे काही सुचेना, काही जण पाककृती गोळा करू लागले आणि बंधन उठल्यावर काहींना खाणे आवरेना. म्हणून बहिणीच्या रात्रीच्या खाण्याला कृपया हावरटपणा म्हणू नका.

आपल्या खान्देशात अडचण अशी की, न जेवणाऱ्या मुलीला कोणी हटकत नाही. चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार यांच्या आडोशाला सगळे खपून जाते. तरीही ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणत भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर ताव मारणाऱ्या आपल्या आजीचा उपास दुसऱ्या दिवशी सुटतो, आणि मनातूनही सुटतो. गेल्या हिवाळ्यात एका शेतातल्या भरीत पार्टीत मात्र एक मुलगी भरीत आणि कळण्याची भाकरी वाढलेले ताट मांडीवर घेऊन मोबाइलवर उरलेली मिनिटे मोजत बसली होती. भाकरी निवून कडक झाली तरी तिने घास मोडला नाही. मी तासांपेक्षा हा ताठरपणा पाहते. त्याच्या जोडीला पाळी चुकणे, चक्कर, सतत थंडी वाजणे किंवा जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणे दिसले, तर थांबू नये.

सध्या तिचे वजन आणि ताट यांवर घरात कोणी, कौतुकानेसुद्धा, बोलू नये. सकाळचा नाश्ता सर्वांनी सोबत करावा. दिवसभर पोटात काही गेले, तर रात्रीची ओढ पुष्कळदा सैल पडते. तिला आधी फिजिशियनकडे आणि मग मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. ती तयार नसेल, तर आपण स्वतः सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलून घ्यावे. तेथे मराठीतून बोलता येते.