आखाड्यावर राखणीला मॅलिनॉइस घ्यावं का? दिवसभर साखळीला बांधलं तर तिखट होईल का?

विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: परभणीजवळ पाच एकर रान, आखाड्यावर (रानातल्या वस्तीवर) राखणीला बेल्जियन मॅलिनॉइस घ्यायचंय, कुत्रं पहिलंच. नर घ्यावा का मादी, महिन्याचा खर्च किती, आणि दिवसा साखळीला बांधून रात्री सोडलं तर जास्त तिखट होईल का.

शेवटच्या प्रश्नासाठीच लिहायला बसलो. तिखट होणार नाही, येडं होईल. "बांधल्याशिवाय कुत्रं राखण करीत नाही" हे आमच्या पाहुण्यारावळ्यांतल्या जाणत्या माणसांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. गावठी कुत्र्याचं बांधून फार बिघडत नाही, ते दुपारभर झोपून घेतं. मॅलिनॉइस हे मुळात बेल्जियममधलं मेंढ्या वळायचं कुत्रं. हलेल त्या गोष्टीमागं पळायचं, ती धरायची, ही त्याला पोटाच्या भुकेपेक्षा मोठी भूक. केंद्रीय राखीव पोलीस दल हेच कुत्रं गस्तीला नेतं ते रोजचं काम देऊन, आणि त्याच्यामागं ठरलेला माणूस लावून. तुमच्याकडं तो माणूस कोण? सालगडी म्हणत असाल तर पुढचं वाचायची गरज नाही.

नांदेड रोडवरच्या एका आखाड्यावरचा १४ महिन्यांचा नर बघा. लिंबाच्या बुडाला ६ फुटी साखळी. झाडाभोवती बैलगाडीच्या चाकोरीसारखी गोल वाट पडलेली, चार बोटं खोल. साखळी चावून चावून सुळे मागच्या बाजूनं झिजलेले. मालक कौतुकानं सांगणार, "कुणाला जवळ येऊ देत नाही." रात्री सोडलं की मात्र राखण बाजूला, हे मोटारसायकलींच्या दिव्यांमागं रस्त्यावर. एका रात्रीत शेजाऱ्याची दोन करडं मारली. शेवटी रोज भाकर टाकणाऱ्या सालगड्याचंच मनगट फोडलं, तेही समोरून ट्रॅक्टर जात असताना.

यात कुत्र्याचा दोष काडीचा नाही. रस्त्यानं माणूस येतो, कुत्रं झेपावतं, साखळी गळ्याला हिसका देते. गळ्याचं दुखणं आणि तो माणूस यांची त्याच्या डोक्यात गाठ बसते. माणूस आपल्या वाटेनं निघून जातो, कुत्र्याला वाटतं मी भुंकलो म्हणून पळाला. दिवसातून ५० वेळा हाच सराव. ट्रॅक्टरपर्यंत पोचता येत नाही, मग जो हाताशी आहे त्याला धरायचं, आणि हाताशी सालगडी होता. चोराचं म्हणाल तर त्याला साखळीची लांबी एका नजरेत कळते. तो त्या चाकोरीत पाय टाकतच नाही.

त्या कुत्र्याला आधी १० बाय १५ फुटांची जाळीची खोली केली. रस्त्याच्या अंगाला पत्रा मारला, म्हणजे दिसणंच बंद. पहिले आठ दिवस काहीही शिकवलं नाही, फक्त झोप. ताटात भाकर टाकणं बंद, अर्धं खाणं जाळीतून हातानं. सहा आठवड्यांनी ते कासऱ्यावर चालायला लागलं. करडांचा नाद मात्र गेला नाही, आणि जाणारही नाही. मेलेलं करडू तोंडात आल्यावर तो धडा पक्का होतो.

म्हणून पिल्लापासूनच सुरुवात. ८ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका, आणि आई बघितल्याशिवाय घेऊ नका. आई तुम्हाला बघून कोपऱ्यात दबत असेल तर कागद कितीही चांगले असले तरी माघारी या. "पोलीस लाइनचं", म्हणजे पोलिसी कुत्र्यांच्या वंशाचं, "पिल्लू" हे विकणारा सांगतो, कुत्रं सांगत नाही.

शिकवायच्या गोष्टी मोजक्याच. कुत्र्यानं बरोबर केलं त्या क्षणी म्हणायची खूण म्हणून एक शब्द ठरवा, "हां" पुरे. "हां" म्हटल्यावर सेकंदाच्या आत हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. उशीर झाला तर तुम्ही भलत्याच गोष्टीचं बक्षीस देता. एका वेळी ३ ते ५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. तासभर घासणाऱ्याचं कुत्रं शिकत नाही, नुसतं उकळतं.

दुसरी गोष्ट "सोड". पोत्याची हातभर लांब घट्ट वळकटी करा, सुतळीनं आवळा, खेचाखेची खेळू द्या. मग वळकटी मांडीला टेकवून एकदम निर्जीव धरा. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. कंटाळून तोंड सैल केलं की त्याच क्षणी "हां" आणि लगेच पुन्हा खेळ. सोडल्यावर खेळ संपत नाही, उलट सुरू होतो, हे त्याला कळलं पाहिजे. जबडा उचकटून काढलंत तर ते पुढच्या वेळी जास्त आवळतं, आणि वर्षभरानं वळकटीच्या जागी तुमचा हात असतो. दात बदलायच्या वयात, म्हणजे साधारण ४ ते ६ महिने, ओढाओढ हलकीच ठेवा. हिरडी दुखली तर वळकटीच नको म्हणतं.

तिसरी "जागेवर". बाजेवर किंवा पोत्यावर बसून काहीही न करणं. ही जात सगळ्यात उशिरा शिकते ती हीच गोष्ट, आणि लोक शिकवत नाहीत तीही हीच. "दमवलं की शांत होतं" म्हणून मोटारसायकलीमागं पळवणारे मी बरेच बघितलेत. सहा महिन्यांत त्याचा दम इतका वाढतो की ५ किलोमीटरनं भागत नाही, १० लागतात, आणि पुढं तुमचं पेट्रोल संपतं. शिवाय हाडं पक्की व्हायच्या आधी, म्हणजे साधारण दीड वर्षाच्या आत, डांबरीवर पळवणं आणि उंच उड्या नकोतच. त्यापेक्षा १५ मिनिटं नाकाचं काम द्या. कापसाच्या ओळींत चिकनचे तुकडे लपवून शोधायला लावा, झोपतं की नाही बघा. (फवारणी झालेल्या रानात हे करू नका.)

शेळ्यांची ओळख लांबून. छातीच्या पट्ट्याला ३० फुटी सुती कासरा, गळपट्ट्याला नाही. नायलॉन घेऊ नका, तळहात सोलतो. शेळ्या १०० फुटांवर असताना तुमच्याकडं वळून बघितलं की "हां". अंतर आठवड्याला थोडं थोडं कमी करत आणा.

चावायला मात्र शिकवू नका. हाताला जाड बाही बांधून चावायला लावणारे हौशी मास्तर आता तालुक्याच्या गावीही निघालेत. "सोड" पक्कं नसलेलं कुत्रं चावायला शिकलं तर निस्तरायचं तुम्हालाच. जनावराबाबत हलगर्जीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता ऊन. मे महिन्यात तुमच्याकडं पारा ४३ च्या पुढं जातो, आणि हे कुत्रं स्वतःहून थांबत नाही, पडेपर्यंत पळतं. काम सकाळी सातच्या आत उरका. हाताची पालथी बाजू जमिनीवर ७ सेकंद टिकली नाही तर बाहेर काढूच नका. त्याच्या अंगाचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, पाय लटपटले की अंगावर, पोटाखाली, जांघेत पाणी ओता आणि वारा घाला. ओलं पोतं पांघरू नका, आत वाफ कोंडते. ताप उतरून १०३ ला आला की पाणी थांबवा आणि डॉक्टर गाठा.

गोचीड उन्हापेक्षा वाईट. कुत्र्याची गोचीड भिंतीच्या सांदीत राहते, म्हणून नुसतं कुत्रं धुऊन भागत नाही, जागाही फवारावी लागते. बैलाचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावू नका. खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. परभणी आणि उदगीर, दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

खर्चाचं म्हणाल तर ३० किलोच्या कामाच्या कुत्र्याला रोज ४०० ते ४५० ग्रॅम चांगलं कोरडं खाद्य धरा, २० किलोची बॅग दीड महिना जाते. ज्वारीची भाकर आणि दुधावर हे अंग धरत नाही. दर तुमच्याकडच्या दुकानात विचारा. खरा खर्च रोजचे दोन तास आहे.

एक राहिलं. रानडुकरांसाठी घेत असाल तर कोणतंच एकटं कुत्रं कामाचं नाही, डुकराचा सुळा पोट फाडतो. कारवानी, पश्मी माळेगावच्या यात्रेत बघून मोह होतो, पण ती नजरेवर पळणारी शिकारी कुत्री, राखणीची नाहीत. त्यांच्याकडून ससा धरवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. निव्वळ राखणच हवी असेल तर दोन गावठी पिल्लं आणा, लस टोचा, मोकळी ठेवा. रात्री कुणी आलं की ती भुंकतात, तुम्ही उठता. एवढंच पाहिजे ना?

नर का मादी: मादी. पहिलंच कुत्रं आहे आणि मादी थोडी आवरायला सोपी जाते. वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, तेव्हा तीन आठवडे जाळीच्या खोलीबाहेर काढायचं ते कासऱ्यावरच.