नऊ नंबरच्या पोरीस

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे मेसेज रविवारी रात्री साडेअकराला आले. सात तुकड्यांत, आणि शेवटी नुसता रडका चेहरा. लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्या वेळी मीही तुझ्या कोचवर तुझ्याइतकाच चिडलो असतो आणि त्याचा तुला काडीचा उपयोग नव्हता.

रग्बी संघातली तुझी नऊ नंबरची, म्हणजे गर्दीतून चेंडू काढून पास किंवा किक करणाऱ्या स्क्रम-हाफची, जर्सी दुसरीला दिली, तुला बेंचवर बसवलं, वर ‘विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळून बघ’ म्हणाले. आणि वर्षभर किक मार, किक मार म्हणून डोकं खाल्लं ते वेगळंच. सोडून देऊ का, असं विचारतेस.

विंगचं आधी बोलू. इंग्लंडच्या पुरुष संघाकडून सर्वाधिक म्हणजे १२७ सामने खेळलेला बेन यंग्स हा आपल्या लेस्टर क्लबचाच स्क्रम-हाफ. त्याचे वडील निक यंग्स हेही ऐंशीच्या दशकात इंग्लंडचे स्क्रम-हाफ होते. म्हणजे नऊ नंबर घरातच. तरी मार्च २०१० मध्ये मरेफील्ड मैदानावर स्कॉटलंडविरुद्ध त्याला देशासाठी खेळल्याची पहिली कॅप मिळाली ती विंगवर. उगो मोन्ये जखमी झाला आणि बेंचवरून याला काठावर धावायला पाठवलं. जूनमध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो पहिल्यांदा नऊ नंबर घालून उतरला, ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे चेंडू टेकवला, आणि इंग्लंड २१-२० असं जिंकलं. तेव्हा विंगवर जा. तिथे गेलीस की तुझ्या किकचं खरं रूपही दिसेल.

कारण बॉक्स किक, म्हणजे नऊ नंबर गर्दीच्या मागून उंच मारतो ती, मारणाऱ्याला कधीच नीट दिसत नाही, तिच्यामागे धावणाऱ्याला दिसते. मी स्वतः लेस्टरच्या वेलफर्ड रोड मैदानाच्या स्टँडमध्ये बसून यंग्सवर ओरडलोय, ‘अरे पास दे ना!’ म्हणून. शेजारचे म्हातारेही ओरडायचे, त्यामुळे आपलं बरोबर आहे असं वाटायचं. रविवारी मुलांना शिकवायला लागलो तेव्हा कळलं की आपण चुकीच्या माणसाकडे बघत होतो. रकच्या, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झटापटीच्या, मागे उभा असलेला नऊ नंबर चेंडूकडे कमी आणि आपल्या विंगरकडे जास्त बघत असतो. रेफरी ‘यूज इट’ म्हणाला की हातात पाच सेकंद. तेवढ्यात फॉरवर्डनी आडोसा धरला का, विंगर धावायला तयार आहे का, समोरचा सगळ्यात मागचा खेळाडू, फुलबॅक, कुठे उभा आहे, हे सगळं बघायचं. किक लांब गेली तर समोरचा आरामात झेलणार आणि पळत सुटणार. उंच आणि बेताची गेली तर चेंडू आणि तुझी विंगर एकाच वेळी त्याच्या डोक्यावर. तू लांब मारतेस. मी दोन सामने पाहिले तुझे. ताकद दाखवायचा मोह होतो तुला, आणि मग बिचारी विंगर मोकळ्या हाताने परत येते. चार सामने तिच्या जागी पळून बघ, म्हणजे मला सांगावं लागणार नाही.

आणि किकमुळे खेळ कंटाळवाणा होतो म्हणतेस, तर नोव्हेंबर २०१० मधला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावरचा तो ट्राय पुन्हा बघ. ऑस्ट्रेलियाचं आक्रमण इंग्लंडच्या गोललाइनपर्यंत आलेलं, चेंडू यंग्सच्या हातात. तिथे अडकलेला नऊ नंबर चेंडू बाहेर भिरकावून देणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक असतं. त्याने हूल दिली, निसटला, कोर्टनी लॉजला पास दिला, लॉजने ख्रिस ॲशटनला, आणि ॲशटन थेट दुसऱ्या टोकाला. इंग्लंड ३५-१८ जिंकलं. लोकांना ॲशटनची धाव आठवते. मला ती हूल आठवते. जो नेहमी किक मारतो त्याचीच हूल खपते, असं माझं मत आहे. तुझा कोच हे मान्य करेल की नाही ठाऊक नाही.

आता बेंच. फेब्रुवारी २०२२ मध्ये वेल्सविरुद्ध यंग्सने जेसन लेनर्डचा ११४ सामन्यांचा विक्रम मोडला. त्या दिवशी सुरुवातीला हॅरी रँडल खेळत होता. विक्रम करणारा माणूस बेंचवरून उठून आला. पुढच्याच उन्हाळ्यात जॅक व्हॅन पूर्टव्लिएट त्याच्या पुढे गेला, तोही यंग्ससारखाच लेस्टरचा खेळाडू आणि मूळचा नॉरफकचा. २०२३ च्या विश्वचषकाआधी जॅक जखमी झाला, म्हणून मूळ संघात नसलेल्या ॲलेक्स मिचेलला बोलावलं, आणि अर्जेंटिनाविरुद्ध पहिल्या सामन्यात तोच नऊ नंबर घालून उतरला! यंग्सच्या वाट्याला तिसऱ्या क्रमांकाची लढत आली, तीही अर्जेंटिनाविरुद्धच. इंग्लंड २६-२३ जिंकलं. तो त्याचा इंग्लंडसाठी शेवटचा सामना. म्हणजे ही जागा कुणाच्या मालकीची नसते. तुझ्याकडून गेली तशी आता जर्सी मिळालेल्या त्या मुलीकडूनही जाईल, पण त्या आशेवर तिच्याशी बोलणं टाकू नकोस. डाव्या बाजूला तिचा पास तुझ्यापेक्षा चांगला आहे. हात मागे न नेता जमिनीवरूनच निघतो. विचार तिला, पाय कुठे ठेवतेस म्हणून.

इंग्लंडच्या महिला संघातल्या नताशा हंटचं नाव तूच घेतलंस, म्हणून एवढंच: २०१४ च्या विश्वविजेत्या संघात होती, २०२२ च्या विश्वचषकाला तिला घेतलंच नाही, आणि २०२५ मध्ये ट्विकनहॅमवर कॅनडाविरुद्धच्या फायनलला नऊ नंबर तीच होती. तेव्हा छत्तीस वर्षांची. तुझं सतरावं चालू आहे.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण सातातल्या चौथ्या मेसेजमध्ये घाईघाईने लिहून गेलीस. आईचं ऑपरेशन आणि काउंटीची ट्रायल एकाच आठवड्यात आहे आणि ‘बघू कसं जमतं ते’. २०१७ मध्ये यंग्सची ब्रिटन आणि आयर्लंडच्या एकत्रित लायन्स संघाच्या न्यूझीलंड दौऱ्यासाठी निवड झाली होती. चार वर्षांतून एकदा येणारा दौरा. त्याच सुमारास त्याच्या वहिनीचा, भाऊ टॉमच्या बायकोचा आजार बरा होणारा नाही असं कळलं, आणि त्याने नाव मागे घेतलं. जागा स्कॉटलंडच्या ग्रेग लेडलॉला गेली. लायन्ससाठी तो त्यानंतर कधीच खेळला नाही. मी तुला काय कर ते सांगणार नाही, पण ट्रायलवाल्यांना आजच मेल टाक. आधी कळवलं तर ते दुसरा दिवस देतात, असा माझा अनुभव आहे. आईला मात्र हे मी बोललो असं सांगू नकोस. ती मलाच फोन करून ओरडेल.

शनिवारी दहाला मैदानावर ये. चेंडू तुझा आण, माझ्या चेंडूतली हवा गेलीय. मी विंगरच्या जागी उभा राहीन. धावणार नाही, गुडघे नाहीत, पण चेंडू कुठे पडतो ते सांगेन.

तुझा,
काका