वस्तीचा पैसा वस्तीतच लागतो का, ते बघा

ग्रामपंचायतीचे नवीन सदस्य झालात ना भाऊ, मग सचिवाकडून आधी स्वनिधीचा हिशेब मागा. घरपट्टी, बाजार असल्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. वसुलीच नसेल तर हे टक्के कागदावरच राहतात. म्हणून मार्चआधी वसुली रेटा.

धारणी, चिखलदरा किंवा गडचिरोलीच्या पेसा गावात (आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जादा अधिकार देणाऱ्या कायद्यातलं गाव) असाल तर खरी ताकद वेगळीच. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी (कामं गावानंच ठरवायची असा पैसा) थेट येतो, तोही गावाच्या लोकसंख्येप्रमाणे. गडबड होते गट ग्रामपंचायतीत, म्हणजे अनेक गावांची मिळून एकच पंचायत असते तिथं. चार पाड्यांचा पैसा मोठ्या गावच्या सिमेंट रस्त्यात जिरतो. त्यामुळे प्रत्येक पेसा गावाची ग्रामसभा वेगळी घ्या, कोष समितीचं (ग्रामसभेचा हा पैसा सांभाळणारी समिती) खातं वेगळं ठेवा, ठरावात पाड्याचं नाव, काम आणि रक्कम लिहा. 'आवश्यक ती कामे करावी' असा मोघम ठराव म्हणजे कोऱ्या चेकवर सही.

महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते. तिथं आलेली मागणी मुख्य इतिवृत्तात उतरली का, तेही तपासा. बहुतेकदा नसते.