डिलन ५५० घे, पण नऊ एमएमसाठी

भावा, तुझे प्रश्न तीन. अमेरिकेत फिनिक्सच्या नेमबाजी क्लबात तू ९ एमएम (पिस्तूल) आणि .२२३ (रायफल) दोन्ही खेळतोस, तिथला एक जुना सभासद आपली डिलन ५५०, म्हणजे उडवलेली काडतुसं पुन्हा भरायची प्रेस, विकतोय, ती घ्यावी का? सुरुवातीलाच अशी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एका ओढीत सगळी कामं करणारी प्रेस झेपेल का? आणि नोकरी संपवून कोल्हापूरला येताना ती सोबत आणता येईल का? मी अमेरिकेत असताना ही आणि एका वेळी एकच काम करणारी सिंगल स्टेज, दोन्ही प्रकारच्या प्रेस वापरल्यात, आता उद्यमनगरात असतो, म्हणून जरा पसरून लिहितो.

प्रेस शॉपमध्ये प्रोग्रेसिव्ह डाय चालवलेल्याला तत्त्व सांगायला नको. ५५० ला चार स्टेशनं. पहिल्यावर जुना प्रायमर (बुडाशी असलेली, पिन आपटली की पेटणारी टोपी) निघतो, केस (पितळी पुंगळी) मापात येते आणि हँडल पुढे ढकललं की नवा प्रायमर बसतो. दुसऱ्यावर पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, पडते आणि केसचं तोंड किंचित फुलतं. तिसऱ्यावर बुलेट बसते, चौथ्यावर क्रिंप, म्हणजे केसचं तोंड बुलेटवर आवळलं जातं. चारही जागा भरल्या की प्रत्येक ओढीला एक तयार राउंड. सिंगल स्टेजवर तीच केस चार वेळा हातात घ्यायची. कंपनी ५५० साठी तासाला ४०० ते ६०० सांगते. प्रायमरच्या नळ्या भरणं धरलं तर त्याहून कमीच निघतात, पण महिन्याला हजारभर ९ एमएम उडवणाऱ्याला सिंगल स्टेज म्हणजे नुसता वैताग.

आता खोट. मशीन एकाच वेळी चार कामं करतं आणि तुझा डोळा एकच. ५५० ची शेलप्लेट, म्हणजे केस धरणारी चकती, हाताने फिरवावी लागते. मध्येच कुणी हाक मारली, प्लेट फिरवायची राहिली आणि हँडल पुन्हा ओढलं, की त्याच केसमध्ये दुप्पट पावडर. टाइटग्रुपसारखी जलद जळणारी पावडर ९ एमएममध्ये दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही, गुपचूप आत बसते. पिस्तूल फुटतं ते अशानेच. उलट पावडर पडलीच नाही तर प्रायमरच्या जोरावर बुलेट पिस्तुलाच्या नळीत अडकते, आणि आवाज बारीक आला म्हणून पुढची गोळी झाडली की नळी गेली. त्यामुळे तिसऱ्या स्टेशनवर थेट केसमध्ये उजेड पडेल असा दिवा लाव आणि बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक केसमध्ये डोकाव. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. शक्यतो फुगीर पावडर निवड, म्हणजे दुप्पट पडली तर काठावरून सांडेल आणि लगेच कळेल. पावडर किती हे गणित मात्र पावडर कंपनीच्या छापील तक्त्यातलंच, क्लबातल्या काकांच्या डोक्यातलं नको.

आपोआप फिरणाऱ्या प्लेटच्या प्रेसवर विसरण्याची ही भीती कमी होते, पण तिथे प्लेट झटक्याने थांबते आणि ९ एमएमच्या बुटक्या केसमधून पावडरचे दाणे उडतात. दाणे प्रायमरच्या यंत्रणेत शिरले की प्रायमर पूर्ण बसत नाही. असा वर राहिलेला प्रायमर बऱ्याचदा पहिल्या फटक्याला नुसता आत सरकतो, उडतो दुसऱ्याला, आणि स्पर्धेत तेवढ्यात ती फेरी हातची जाते. तयार राउंड काचेवर उभे करून बघ, डुलला तो बाजूला काढ. प्रायमर अडकला तर हँडलवर जोर अजिबात लावायचा नाही. चष्मा डोळ्यावर हवाच.

सेटिंगची एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. डाय बसवताना सगळी स्टेशनं भरलेली ठेव. एकाच केसवर लांबी जुळवलीस तर चारही जागा भरल्यावर प्लेटवरचा दाब बदलतो आणि बुलेटची खोली हलते. आपल्याकडच्या फिटरला हे सांगावं लागत नाही, तिकडचे लोक मात्र डायला दोष देत बसतात.

.२२३ चं गणित वेगळं आहे. केसला वंगण लावा, मापात आणा, वंगण पुसा, लांबी छाटा, आणि लष्करी केस असेल तर प्रायमरच्या खाचेतला क्रिंपही काढा. यात प्रोग्रेसिव्हची लय दर पावलाला तुटते. लांब काड्यांची पावडर मापातून एकसारखी पडतही नाही. अचूकता हवी असेल तर .२२३ साठी साधी सिंगल स्टेज स्वतंत्र घे, खर्चही थोडा.

तर घे. पण पहिले काही आठवडे ५५० वर एका वेळी एकच केस चारही स्टेशनांतून फिरव. प्रायमर बसताना हाताला काय जाणवतं ते कळल्याशिवाय चारही जागा भरू नकोस. विकणाऱ्याला ९ एमएमची शेलप्लेट, पावडर फनेल आणि टूलहेड (डाय बसवायचा वरचा भाग) सोबत आहे का ते विचार, सुटं घ्यायला गेलास तर खिसा हलका होतो.

आणि कोल्हापूर? विसर. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही येतात. प्रायमर, पावडर विमानात चालत नाही ते वेगळंच. शिवाय ९ एमएम इथे सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअर (नळीचं माप). आपल्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे ज्या .२२ वर जगात पोचले, त्या काडतुसाचा स्फोटक मसाला केसच्या काठातच भरलेला असतो. ते एकदा उडालं की पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही. निघण्याआधी तिकडेच क्लबात विकून टाक. जुन्या ५५० ला गिऱ्हाईक सहज मिळतं.